खडकाला चेहरा कसा मिळाला?

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात गाळाच्या खडकांना साधारण अर्धे पान मिळते. नदी गाळ आणते, तो थराथराने साचतो, वरच्या थरांच्या भाराने खालचे थर दाबले जातात आणि त्यांचा खडक होतो. वाळूचा वालुकाश्म, चिखलाचा शेल, गोट्यांचा पिंडाश्म. खालचा थर जुना, वरचा नवा. यातले एकही विधान चूक नाही. पण समजा, वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारले, ‘‘नदीत एका जागी वाळू असते आणि पलीकडे चिखल. मग त्या वर्षी कुठला खडक तयार झाला?’’ तर आपण काय उत्तर देऊ?

प्रश्न भाबडा वाटतो, पण तो नेमका आहे. याचे उत्तर शोधताना भूविज्ञानात एक नवा शब्द आला, खडकांचे वर्गीकरण करण्याची एक नवी पद्धत आली, आणि ती पद्धत पुरी पडत नाही असेही पुढे लक्षात आले. हा सगळा प्रवास सुमारे दीडशे वर्षांचा आहे. तो आपण या लेखात पाहू. शेवटी हेही पाहू, की हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. आपल्या शेजारच्या प्रदेशात तो कोट्यवधी माणसांच्या पिण्याच्या पाण्याशी जोडलेला आहे.

खडक म्हणजेच काळ?

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात खडकांबद्दल सगळ्यात वजनदार मत होते ते आब्राहाम वेर्नर याचे. जर्मनीतल्या फ्रायबेर्गच्या खाणविद्यालयात तो १७७५ पासून शिकवत होता. त्याच्या मते सारी पृथ्वी एके काळी समुद्राने व्यापलेली होती आणि त्या पाण्यातून एकामागून एक खडक खाली बसत गेले. आधी ग्रॅनाइटसारखे, मग स्लेटसारखे, मग चुनखडक आणि वालुकाश्म. म्हणजे खडकाचा प्रकार ओळखला की त्याचा काळ कळलाच.

पुढे इंग्लंडमध्ये कालव्यांच्या मोजणीचे काम करणाऱ्या विल्यम स्मिथने दाखवून दिले, की थर ओळखायला खडकापेक्षा त्यातले जीवाश्म जास्त उपयोगी पडतात. त्याच आधारावर त्याने १८१५ मध्ये इंग्लंड आणि वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. पाऊल मोठे होते, पण मनातले जुने गृहीत तसेच राहिले. फरक इतकाच झाला, की आता जीवाश्म वेगळे म्हणजे काळ वेगळा, असे लोक धरून चालू लागले. एकाच काळी दोन ठिकाणी दोन वेगळे खडक आणि दोन वेगळे जीव असू शकतात, हा विचार फारसा कोणी पक्का धरला नव्हता.

ज्युरा डोंगरातला ग्रेस्ली

हा विचार पक्का धरला तो आमान्झ ग्रेस्ली या स्विस तरुणाने. त्याचा जन्म १८१४ चा. वैद्यकी शिकायला म्हणून तो स्ट्रासबुर्गला गेला आणि तिथे भूविज्ञानाच्या नादी लागला. स्वित्झर्लंडमधल्या सोलोथुर्न परगण्यातले ज्युरा डोंगर त्याने अक्षरशः पायाखाली घातले. इतरांचा रिवाज असा, की एका कड्यासमोर उभे राहायचे आणि खालपासून वरपर्यंतचे थर नोंदवायचे. ग्रेस्लीने एकच थर धरला आणि तो आडवा कुठवर जातो ते पाहत तो चालत राहिला.

त्याला दिसले ते असे. एका ठिकाणी थर पोवळ्यांच्या अवशेषांनी भरलेला चुनखडक आहे. तोच थर पुढे नेला तर पोवळी विरळ होतात, मग नाहीशी होतात; खडकही बदलतो, मातकट होतो, आणि त्यात चिखलात राहणाऱ्या शिंपल्यांसारखे निराळेच जीव सापडू लागतात. थर तोच, म्हणजे काळ तोच. बदलली होती ती जागा. एकीकडे उथळ समुद्रातली पोवळ्यांची रांग होती, तर दुसरीकडे चिखलाचा तळ.

१८३८ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ग्रेस्लीने या बदलत्या रूपाला ‘फेशीज’ असे नाव दिले. हा लॅटिन शब्द. अर्थ चेहरा, रूप. सतराव्या शतकात स्टेनोने तो वापरला होता, पण वेगळ्या अर्थाने. ग्रेस्लीचा अर्थ असा: खडक आणि त्यातले जीवाश्म मिळून त्या जागेचा जो चेहरा बनतो, तो फेशीज. मराठी परिभाषेत यासाठी ‘संलक्षणी’ असा शब्द आहे. आम्ही इथे सरळ ‘चेहरा’ म्हणणार आहोत, कारण मूळ शब्दाचा अर्थ तोच आहे आणि मुलांनाही तो चटकन कळतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. त्या वर्षी दोन्ही खडक तयार झाले. काळ एक, चेहरे दोन. आणि याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. दोन कड्यांवर सारखाच वालुकाश्म दिसला, म्हणून ते एकाच काळचे असे म्हणता येत नाही. चेहरा सारखा म्हणजे परिस्थिती सारखी, एवढेच.

ग्रेस्लीचे आयुष्य सुखाचे झाले नाही. हजारो जीवाश्मांचा आपला संग्रह घेऊन तो लुई अ‍ॅगासी या नामांकित शास्त्रज्ञाकडे न्यूशातेलला साहाय्यक म्हणून गेला. अ‍ॅगासी १८४६ मध्ये अमेरिकेला निघून गेला. पुढे ग्रेस्लीने रेल्वेच्या बोगद्यांसाठी डोंगराच्या पोटात कोणते खडक लागतील याचे अंदाज करून दिले. त्याला मानसिक आजाराने ग्रासले आणि १८६५ मध्ये बेर्नच्या मनोरुग्णालयातच तो वारला. त्याने दिलेला शब्द मात्र आज जगातला प्रत्येक भूवैज्ञानिक वापरतो.

शेजारचे ते वरचे

ग्रेस्लीने थर आडवे वाचायला शिकवले. उभे वाचायचे कसे, हा पुढचा प्रश्न होता. रशियात निकोलाय गोलोव्किन्स्की याने १८६८ मध्ये व्होल्गा-कामा भागातल्या खडकांवरून त्याचे उत्तर मांडले. जर्मनीत येना इथला योहानेस वाल्थर हा १८९३-९४ च्या आपल्या ग्रंथात त्याच उत्तराशी पोचला. वाल्थरची भूमिका साधी होती: जुने खडक समजून घ्यायचे तर आज गाळ कुठे कसा साचतो ते जाऊन पाहिले पाहिजे. त्यासाठी तो वाळवंटात हिंडला. भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीतल्या प्रवाळांचाही त्याने अभ्यास केला होता.

वाल्थरचा नियम असा सांगता येईल. जे चेहरे निसर्गात शेजारी शेजारी असू शकतात, तेच अखंड साचलेल्या थरांत एकावर एक सापडतात.

त्रिभुज प्रदेशाचे उदाहरण घेऊ. नदी समुद्राला मिळते तिथे पाण्याचा वेग कमी होतो. जड वाळू मुखापाशीच बसते. पोयटा जरा पुढे जातो. चिकणमातीचे बारीक कण दूरवर खोल पाण्यात जाऊन सावकाश तळाशी बसतात. म्हणजे किनाऱ्याकडून समुद्राकडे जाताना तळावर क्रम लागतो: वाळू, पोयटा, चिखल. आता वर्षानुवर्षे गाळ येत राहतो आणि नदीचे मुख समुद्रात पुढे पुढे सरकते. काल जिथे चिखल साचत होता तिथे आज पोयटा साचू लागतो, आणि उद्या वाळू. त्या जागी विंधनविहीर खणली तर खालून वर क्रम मिळेल: चिखल, पोयटा, वाळू. जो क्रम आडवा होता तोच उभा झाला. वर जाताना कण जाड होत जाणे ही पुढे सरकणाऱ्या त्रिभुज प्रदेशाची खूण ठरली.

नियमातला ‘अखंड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मधले थर पुराने कापून नेले असतील किंवा मध्येच बराच काळ काही साचलेच नसेल, तर वरखालचे दोन थर एके काळी शेजारी होते असे म्हणता येत नाही. पुस्तकाची मधली पाने फाटलेली असताना गोष्ट सलग वाचल्यासारखे ते होईल. म्हणून थरांच्या मधल्या सीमारेषा बारकाईने पाहाव्या लागतात.

रशियन भूवैज्ञानिकांनी हा नियम लवकर स्वीकारला. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला मात्र त्याची नीट ओळख व्हायला १९७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जेरार्ड मिडलटन यांनी वाल्थरच्या मूळ लिखाणाचा अर्थ उलगडून सांगणारा निबंध लिहिला. नियम नुसता पाठ केला, ‘अखंड’ची अट विसरली, तर केवढी चूक होते हेही त्यांनी दाखवून दिले.

एका सरोवराचा साचा

दरम्यान अमेरिकेत ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट युटा भागात एका आटून गेलेल्या सरोवराचा अभ्यास करत होता. आजचे ग्रेट सॉल्ट लेक म्हणजे त्या अवाढव्य बॉनव्हिल सरोवराचा उरलेला अंश. पाणी आटले तसे डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांनी बांधलेले त्रिभुज प्रदेश पायथ्याशी उंचावर कोरडे राहिले. नंतर त्याच ओढ्यांनी ते कापले, आणि आत काय आहे ते उघडे पडले.

गिल्बर्टला तीन भाग दिसले. वर जवळजवळ आडवे थर, मध्ये सरोवराकडे उतरणारे तिरके थर, खाली पुन्हा आडवे बारीक गाळाचे थर. त्याचे १८८५ आणि १८९० चे वर्णन इतके स्पष्ट होते, की पुढे पुस्तकापुस्तकांतून त्रिभुज प्रदेशाची हीच आकृती येऊ लागली.

साचा चांगला असला की त्याचा मोह पडतो. उभ्या उतारावरून गोटे आणि जाड वाळू घेऊन शांत सरोवरात शिरणाऱ्या ओढ्यासाठी गिल्बर्टची आकृती बरोबर आहे. तिथे मधले थर चांगले पंधरा-वीस अंशांनी कललेले असतात. पण मिसिसिपीसारखी प्रचंड नदी बारीक गाळ घेऊन समुद्राला मिळते, तिथे हा उतार एक अंशाच्याही आत असतो. कड्यावर तो डोळ्यांना जाणवतसुद्धा नाही. तिरके थर दिसले नाहीत म्हणून हा त्रिभुज प्रदेशच नव्हे, असा निष्कर्ष काढला तर फसगत होते. एक नदी म्हणजे सगळ्या नद्या नव्हेत, हा धडा पुढेही पुन्हा पुन्हा शिकावा लागला.

वाळूच्या वळ्या काय सांगतात

नदीच्या खडकांत कण किती जाड यापेक्षाही जास्त माहिती कणांच्या मांडणीत असते. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री सॉर्बीने १८५९ मध्येच दाखवले होते, की वालुकाश्मातल्या तिरक्या रेषांवरून पाण्याचा प्रवाह कुठल्या दिशेला आणि कसा होता ते सांगता येते. ओढ्याच्या तळाशी वाळूच्या छोट्या वळ्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. प्रवाहाकडच्या उतारावरून कण वर सरकतात आणि पलीकडच्या उतारावर घरंगळतात. वळी अशी पुढे सरकत जाते आणि मागे तिरक्या रेषांचा ठसा ठेवते. रेषा ज्या बाजूला उतरतात त्या बाजूला पाणी वाहत होते.

पुढे गिल्बर्टनेच हे प्रयोगशाळेत आणले. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी डोंगर पाण्याच्या झोताने फोडले जात, आणि तो राडारोडा नद्यांत येऊन पात्रे भरून जात. पाणी शेतांत शिरे. नदी किती गाळ वाहून नेऊ शकते, हा शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न झाला होता. गिल्बर्टने लाकडी पन्हळीत वाळू आणि पाणी सोडून मोजमापे घेतली आणि १९१४ मध्ये ती प्रसिद्ध केली. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथे सायमन्स आणि रिचर्डसन यांनी १९६० च्या सुमारास हेच काम मोठ्या पन्हळीत केले. वेग वाढवत नेला तर तळाचे रूप ठरावीक क्रमाने बदलते, असे त्यातून दिसले: आधी छोट्या वळ्या, मग मोठे उंचवटे, मग सपाट तळ. प्रत्येक रूप आपला वेगळा ठसा मागे ठेवते. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नदीचा वेगही खडकाच्या चेहऱ्यावरून अंदाजाने सांगता येऊ लागला.

नागमोडी नदीचा क्रम

नदीकाठच्या वाळूच्या विस्ताराला आपण वाळवंट म्हणतो. पंढरपूरचे वाळवंट सगळ्यांना ठाऊक आहे. नागमोडी नदीत वळणाच्या बाहेरच्या काठावर पाणी जोराने आदळते आणि काठ कापला जातो. आतल्या बाजूला वेग कमी, म्हणून तिथे वाळू साचते. अशी नदी हळूहळू आडवी सरकते. आतल्या वाळवंटाच्या तळाशी, म्हणजे पात्राच्या खोल भागात, गोटे आणि जाड वाळू असते. वर चढत जावे तशी वाळू बारीक होते, मग छोट्या वळ्या, आणि सगळ्यात वर पुराच्या वेळी साचलेला पोयटा व चिखल, त्यात गवताची मुळे. नदी सरकत गेली की हा सगळा संच एकावर एक साचतो.

शेल कंपनीच्या भूवैज्ञानिकांनी टेक्सासमधल्या ब्राझोस नदीच्या अशा वळणाचा आतून अभ्यास करून १९६३ मध्ये हा क्रम दाखवला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रीडिंग विद्यापीठातले जॉन अ‍ॅलन वेल्स आणि त्याच्या सीमेवरचे ‘जुने तांबडे वालुकाश्म’ तपासत होते. हे खडक सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांतही तोच क्रम पुन्हा पुन्हा येत होता: खाली कापलेली सीमा, मग जाड वाळू, बारीक वाळू, चिखल, आणि पुन्हा कापलेली सीमा. १९६४ च्या निबंधात त्यांनी अशी सहा आवर्तने एकेक करून तपासली.

आता आपल्याकडे दोन खुणा झाल्या. वर जाताना कण जाड होत गेले तर पुढे सरकणारा त्रिभुज प्रदेश, बारीक होत गेले तर आडवी सरकणारी नदी. लक्षात ठेवायला सोपे आहे. म्हणूनच जपून वापरायला हवे.

आधी वर्णन, मग निकाल

चेहरे नोंदवायचे कसे, यावर १९६५ मध्ये एक महत्त्वाचा निबंध आला. डी राफ, रीडिंग आणि वॉकर या तिघांनी इंग्लंडच्या उत्तर डेव्हन किनाऱ्यावरच्या कड्यांचा अभ्यास केला होता. त्यांनी आधी फक्त दिसते ते लिहिले: कण केवढे, थर कसे, रेषा कशा, जीवांच्या खुणा कोणत्या. तेवढ्यावरून गट पाडले. हा थर नदीचा की समुद्राचा, हा निकाल त्यांनी मागाहून, आणि एकट्या थरावरून न देता थरांच्या क्रमावरून दिला. ‘नदीतला वालुकाश्म’ असे नाव आधीच देऊन टाकले तर पुढे पुरावा विरोधात गेला तरी नाव चिकटून राहते. ‘तिरक्या रेषांचा मध्यम वालुकाश्म’ हे नाव मात्र निकाल बदलला तरी बदलावे लागत नाही.

हीच शिस्त कॅनडाच्या अँड्रू मिआल यांनी नद्यांच्या खडकांसाठी घालून दिली. वेण्यांसारख्या अनेक फाट्यांनी वाहणाऱ्या नद्यांचे वर्णन प्रत्येक अभ्यासक आपापल्या शब्दांत करत होता, त्यामुळे तुलना अवघड होती. १९७७ मध्ये मिआल यांनी दोन अक्षरांची सांकेतिक नावे सुचवली. पहिले मोठे अक्षर कणांचे: जी म्हणजे गोटे, एस म्हणजे वाळू, एफ म्हणजे बारीक गाळ. दुसरे लहान अक्षर मांडणीचे, तेही इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावरून. ‘एसआर’ म्हणजे छोट्या वळ्यांची वाळू, ‘एसएच’ म्हणजे आडव्या थरांची वाळू, ‘एसटी’ म्हणजे पन्हळीसारख्या खोलगट तिरक्या थरांची वाळू. (आपली लाल गाडी नव्हे!) शिवाय आजच्या काही नद्यांच्या नावांनी त्यांनी ठरावीक क्रमांचे नमुने दिले: स्कॉट, डोनजेक, प्लॅट, बायजू क्रीक, १९७८ मध्ये त्यांत आणखी दोन घातले.

ही पद्धत झपाट्याने पसरली. नवख्या विद्यार्थ्यालाही वहीत झरझर नोंदी करता येऊ लागल्या. पण सोयीबरोबर एक धोका आला. कड्यावरची एक उभी रेघ धरायची, अक्षरे लिहायची, सहा नमुन्यांपैकी कशाशी जुळते ते पाहायचे, आणि ‘ही अमुक प्रकारची नदी’ म्हणून मोकळे व्हायचे, असे होऊ लागले.

हे सर्वांत ठामपणे सांगितले ते खुद्द मिआल यांनीच. १९८५ च्या निबंधात त्यांनी म्हटले, की उभा क्रम एकटा पुरेसा नाही, कारण अगदी वेगळ्या नद्या सारखाच उभा क्रम मागे ठेवू शकतात. कडा आडवा पाहिला पाहिजे. वाळूचे शरीर कुठवर पसरले आहे, पात्रासारखे खोलगट आहे की चादरीसारखे, त्याच्या सीमा कशा आहेत, हे नोंदवले पाहिजे. त्यासाठी त्यांनी नदीच्या गाळाचे आठ घटक सुचवले. दोन अक्षरांची नावे टिकली, पण आता ती विटांसारखी झाली. इमारत कशी आहे ते वेगळे पाहायचे. जवळजवळ दीडशे वर्षांनी भूविज्ञान पुन्हा ग्रेस्लीच्या सवयीकडे आले होते: थर धरून आडवे चालणे.

त्रिभुज प्रदेशांच्या बाबतीतही एका साच्याचा आग्रह सुटला. विल्यम गॅलोवे यांनी १९७५ मध्ये त्यांची मांडणी एका त्रिकोणात केली. एका टोकाला नदीचा जोर, दुसऱ्याला लाटांचा, तिसऱ्याला भरती-ओहोटीचा. मिसिसिपी पहिल्या टोकाला. तिच्या शाखा बोटांसारख्या समुद्रात शिरतात. ब्राझीलमधली साओ फ्रान्सिस्को दुसऱ्या टोकाला. लाटा तिची वाळू किनाऱ्यालगत पसरून टाकतात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी भरतीचा जोर मोठा. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी आपली गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली त्रिभुज प्रदेश बांधते, आणि त्याच्या किनाऱ्यावर लाटांनी रचलेल्या वाळूच्या समांतर रांगा दिसतात. कोकणातल्या आखूड नद्यांना मात्र खाड्याच आहेत.

चंद्रपूरचा कोळसा, बंगालचे पाणी

आपल्याकडच्या खडकांतही हे चेहरे भेटतात. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये नव्हे, विदर्भात. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी भागातला कोळसा गोंडवन खडकांच्या बराकार थरांत आहे. वय सुमारे २८ कोटी वर्षे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातले एस. एम. कश्यप यांनी १९७० मध्ये भारतातल्या बराकार थरांची आवर्तने मांडली: जाड वाळू, बारीक वाळू, शेल, कोळसा. त्याच वर्षी सुप्रिय सेनगुप्ता यांनी प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, आजच्या तेलंगणातल्या भीमारमच्या परिसरात गोंडवन गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोळसा म्हणजे नदीकाठच्या दलदलीतली झाडे. दलदल सगळीकडे सारखी नसते आणि नदी तिला मध्येच कापून जाते. म्हणून कोळशाचा थर कुठे जाड, कुठे पातळ, आणि कुठे अचानक नाहीसा होऊन त्या जागी वालुकाश्म असतो. दोन विंधनविहिरींत कोळसा लागला म्हणून मधेही तो असेलच, असे नाही.

कोळसा हुकला तर पैसे जातात. पाणी चुकले तर माणसे जातात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात तळ्यांच्या दूषित पाण्याला पर्याय म्हणून १९७० च्या दशकापासून लाखो हातपंप बसवले गेले. पश्चिम बंगालमध्ये १९८३ मध्ये त्या पाण्यातल्या आर्सेनिकने आजारी पडलेले रुग्ण ओळखले गेले. बांगलादेशात १९९३ मध्ये पाण्यात आर्सेनिक सापडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेतल्या २००० सालच्या लेखात बांगलादेशातल्या साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज आहे.

गोंधळात टाकणारी गोष्ट ही, की एका घरचा पंप विषारी आणि जवळच, तेवढ्याच खोलीचा दुसरा पंप चांगला. उत्तर गाळाच्या चेहऱ्यात होते. वाळूच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा लेप असतो आणि आर्सेनिक त्याला चिकटलेले असते. लेप शाबूत तोवर वाळू तपकिरी दिसते आणि पाणी सहसा बरे असते. गाडल्या गेलेल्या वनस्पतींच्या कुजण्याने प्राणवायू संपला, की जिवाणूंच्या करणीने लेप विरघळतो, वाळू करडी होते आणि आर्सेनिक पाण्यात उतरते.

पण तपकिरी वाळू कुठे आणि करडी कुठे? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले जॉन मॅकआर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ आणि २०११ मध्ये याचे चित्र मांडले. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. नद्यांनी खोल दऱ्या कापल्या. दऱ्यांच्या मधल्या उंचवट्यांवर घट्ट चिकणमाती तयार झाली. समुद्र वर आला तेव्हा दऱ्या नव्या गाळाने भरल्या. म्हणून उंचवट्यांच्या जागी चिकणमातीखाली तपकिरी वाळू, आणि भरलेल्या दऱ्यांत करडी. घट्ट मातीमुळे वरचे कुजके पाणी खाली उतरत नाही. खोली तीच, वाळूही दिसायला वाळूच, पण इतिहास वेगळा. बांगलादेशात पंप खणणारे मिस्त्री वर येणाऱ्या वाळूचा रंग पाहून जागा ठरवतात, आणि संशोधकांनीही ही खूण उपयोगी मानली आहे. रंग म्हणजे खात्री नव्हे. पाणी तपासावेच लागते. शिवाय बेसुमार उपसा झाला तर चांगली वाळूही बिघडू शकते.

वर्गात काय करता येईल

उथळ ट्रेच्या एका टोकाला ओल्या वाळू-मातीचा उतार करावा, दुसऱ्या टोकाला चार-पाच सेंटीमीटर पाणी. उतारावर बारीक धार सोडली की काही मिनिटांत छोटा त्रिभुज प्रदेश तयार होतो. पाणी हळूच काढून टाकून तो सुरीने उभा कापला तर गिल्बर्टचे तिरके थर बहुधा दिसतात. मग मुलांना विचारावे, धार जोरात सोडली असती तर? पाणी जास्त खोल असते तर?

दुसरा उपक्रम पावसाळ्यानंतरचा. गावाजवळच्या ओढ्याचा कापलेला काठ पाहायला जावे. काठ ढासळू शकतो, म्हणून त्याच्या पायथ्याशी मुलांना उभे करू नये. समोरून, अंतरावरूनच पाहावे. वहीत दोन रकाने आखावेत: ‘काय दिसले’ आणि ‘काय वाटते’. पहिल्यात कणांचा आकार, रंग, थरांची जाडी, रेषांचा कल, मुळे, शिंपले. दुसऱ्यात पूर, संथ पाणी, सरकलेले पात्र. मुले पहिल्याच रकान्यात ‘पुराची वाळू’ असे लिहितील. ते शब्द त्यांनी स्वतःच खोडून दुसऱ्या रकान्यात न्यावेत. काठाची एकच उभी पट्टी नोंदवून न थांबता तोच थर वीस पावले पलीकडे कसा दिसतो तेही लिहावे. मग दोन गटांच्या वह्या शेजारी ठेवाव्यात. पहिला रकाना बहुतेक जुळेल, दुसरा जुळणार नाही, आणि खरी चर्चा तिथूनच सुरू होईल.